खांबेट्यांची हिरवी टिकली

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम झिजलेलं असतं, आणि त्याला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे श्रीनिवास खांबेटे जबाबदार आहेत.

गेलं वर्षभर मी या नखाने स्टिकर खरवडतोय. रुपयाएवढं गोल, हिरवंगार स्टिकर. त्यावर इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं ‘टेस्टेड ओके’. खाली बारीक पेनाने घातलेली तारीख आणि शेजारी ‘श्री. खां.’ अशी सही. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर एक. दाराच्या बेलवर एक. दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीवर एक. एकदा हेल्मेटवर होतं, ते मला आठवडाभर कळलं नाही. ऑफिसातल्या पोरांना मात्र कळलं होतं आणि ती मला ‘ओके सर’ म्हणत होती. आमची आई त्या स्टिकरला टिकली म्हणते. मी जे म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

हे खांबेटे इथे बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात रडारचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होते. चौतीस वर्षं. म्हणजे कोणीतरी बनवलेली वस्तू हातात घ्यायची, भिंगातून बघायची आणि तिच्यात काय वाईट आहे ते लिहायचं. त्यांच्या हातून पहिल्या फेरीत सुटलेली वस्तू त्या कारखान्यात कोणी पाहिली नव्हती म्हणतात. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि सांगितलं, “खांबेटे, स्वभाव बदला. रोज पाच चांगल्या गोष्टी बघत जा.” दुसरा एखादा माणूस हे ऐकून घरी आला असता आणि विसरला असता. खांबेट्यांनी चिकपेटेच्या बाजारात जाऊन स्टिकरची गुंडाळी छापून आणली. डॉक्टरांचं वाक्य त्यांना रोजचा कोटा वाटला होता. पाचचे दहा झाले, दहाचे वीस झाले. आता आमच्या मारतहळ्ळीच्या सहा मजली इमारतीत हिरव्या टिकलीशिवाय असलेली वस्तू शोधायला लागते.

त्यात त्यांचं ते वाक्य. “टॉलरन्सच्या आत आहे हो!” कारखान्यात म्हणे कुठलाच भाग अगदी हुकमी मापाचा होत नाही. केसभर कमी, केसभर जास्त चालतो. जेवढा फरक चालतो त्याला ते टॉलरन्स म्हणतात. हे मला त्यांनी तीन वेळा समजावून सांगितलंय. पाण्याचा टँकर चार तास उशिरा येऊ दे. गच्चीवरून आम्ही सगळे बादल्या घेऊन डोळे लावून बसलेलो, मी फोनवर टँकरवाल्याचा उद्धार करतोय, आणि हे गृहस्थ खाली फाटकापाशी उभे. टँकर आत आला की त्याच्या मागच्या नळावर टिकली लावतात आणि वर बघून हात करतात.

“आला की नाही पाटणकर? टॉलरन्सच्या आत!”

“पाणी पिवळं आहे!” मी वरून ओरडतो.

“पण ओलं आहे!” ते खालून ओरडतात.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो टँकर अजून ती टिकली मिरवत सगळ्या भागातून फिरतो.

एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून व्हाइटफील्डपर्यंत नेलं. त्यांनी मागितलं नव्हतं, माझीच बुद्धी फिरली होती. आउटर रिंग रोडवर सकाळी साडेनऊ वाजता आम्ही एका पुलाखाली पन्नास मिनिटं उभे होतो. गाडी हलत नव्हती, माझ्या कपाळाची शीर उडत होती, आणि शेजारी खांबेटे खुशीत समोर बघत होते. मला वाटलं, काही दिसलं की काय. “पाटणकर, पुढच्या सहा गाड्या बघा. बारा ब्रेक लाइट. बाराच्या बारा चालू. एकही गेलेला नाही. हे सोपं काम नाही हो.” मी त्यांना त्याच क्षणी उतरवणार होतो. पण गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती.

आता माझंही एक मत ऐका. चिडणाऱ्या माणसांच्या जिवावर हे जग चालतं, आणि हसतमुख माणसं त्यावर आयती बसून जातात. मी या इमारतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी आहे, तो काही कोणाला मी आवडतो म्हणून नव्हे. मला ओरडता येतं म्हणून. कचऱ्याची गाडी रोज येते ती मी ओरडलो म्हणून. जनरेटर चालतो तो मी चार पत्रं लिहिली म्हणून. आणि हल्ली बघावं तिकडे लोक आम्हालाच शांत व्हायला सांगतात. आमच्या ऑफिसात मध्यंतरी ताण कमी करायचं शिबिर झालं. एका पंचविशीतल्या मुलीने आम्हा साठ जणांना डोळे मिटायला लावून ट्रॅफिकचे आभार मानायला सांगितले. माझ्या शेजारचा मनुष्य मनापासून मानत होता. मी एक डोळा उघडा ठेवून घड्याळ बघत होतो, कारण त्या शिबिरामुळे मला निघायला उशीर होणार होता आणि त्या उशिरामुळे मला त्याच ट्रॅफिकमध्ये दीड तास जास्त बसावं लागणार होतं. रस्ता कोणी नीट करायचा नाही, आम्ही डोकं नीट करायचं. संताप येतो, खरंच संताप येतो.

खांबेटे या सगळ्याचे आमच्या इमारतीतले प्रतिनिधी. असोसिएशनच्या बैठकीत मी तेरा तक्रारींची यादी वाचून खाली बसलो की ते उठतात. खिशातून कागद काढतात. “गेल्या महिन्यात न बिघडलेल्या गोष्टी,” असं शीर्षक वाचतात. “जिन्याच्या पायऱ्या, एकशे आठ. सगळ्या जागेवर. गच्चीचं दार, कडी लागते. नारळाचं झाड, उभं.” लोक टाळ्या वाजवतात. माझ्या यादीला कोणी कधी टाळी वाजवली नाही.

घरात तरी माझी बाजू घेणारं कोणी असावं! पण आमची आई खांबेट्यांची भक्त. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेले, काठी घेऊन चालते. त्या काठीच्या मुठीवर खांबेट्यांनी टिकली लावली आहे आणि ती काढायला गेलो तर आई काठीच उगारते. “राहू दे ती. एवढ्या मोठ्या साहेबाने पास केलीय.”

आईवरून लिफ्टचं सांगायला हवं, कारण खरी ठिणगी तिथे पडली.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आई पंधरा वर्षांपूर्वी सांगलीहून इकडे आली तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या वर्षी ती खिडकीत बसून रडायची. मग तिला तळमजल्यावरच्या जयम्मा भेटल्या. जयम्मांना मराठी येत नाही, आईला कानडी येत नाही, आणि दोघी रोज सकाळी दोन तास इमारतीच्या आवारातल्या बाकावर बसून अखंड बोलतात. शेंगा सोलतात, एकमेकींची औषधं तपासतात, सुनांना नावं ठेवतात. आईचं बंगळूर म्हणजे तो बाक.

मागच्या पावसाळ्याच्या सुमारास आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्याला धक्का देऊ लागली. आधी नुसता धक्का. मग एके दिवशी आई आत असताना ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. चाळीस मिनिटं. आतला दिवा गेलेला, पंखा बंद. आमचा वॉचमन नंजुंडप्पा दाराला तोंड लावून “अम्मा, स्वल्प इरी, स्वल्प इरी”, थोडं थांबा, म्हणत होता आणि आतून आईचा आवाज यायचा हळूहळू बंद झाला होता. बाहेर काढली तेव्हा ती घामाने भिजली होती आणि माझा हात सोडत नव्हती.

त्या दिवसानंतर ती लिफ्टमध्ये गेली नाही. नव्वद पायऱ्या उतरणं तिला शक्यच नव्हतं. सकाळी जयम्मा बाकावर येऊन बसायच्या आणि वर बघायच्या. आई खिडकीतून हात हलवायची. पाचव्या मजल्यावरून काही ऐकू जात नाही. थोड्या वेळाने दोघी हात खाली घ्यायच्या. पंधरा वर्षांपूर्वीची आई मला पुन्हा खिडकीत दिसू लागली आणि मी पेटलो.

तीन महिने मी त्या लिफ्टच्या कंपनीच्या मागे लागलो. पत्रं, मेल, फोन. त्यांच्या बाईचा “आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है” हा आवाज माझ्या स्वप्नात येऊ लागला. शेवटी एकदा त्यांचा इंजिनिअर पाहणीला आला. तरुण, कानात फोनची वायर. मी रजा टाकून थांबलो होतो. तो लिफ्टमध्ये शिरला, दार लावलं, वर गेला, खाली आला, आणि हसतच बाहेर पडला.

“सार, इसमें तो कुछ प्रॉब्लेम नहीं.”

“काय? प्रॉब्लेम नाही? धक्का बसला नाही तुला?”

“सार, आपके बिल्डिंग का ही क्वालिटी आदमी पास कर दिया, तो हम क्या लिखेगा?” आणि त्याने मला फोनवर फोटो दाखवला. लिफ्टच्या आत अकरा हिरव्या टिकल्या होत्या. टेस्टेड ओके. तारीख. श्री. खां. आमच्या शेजारी नंजुंडप्पा उभा होता. त्याने आपणहून अभिमानाने माहिती पुरवली होती, की हे साहेब सरकारी कारखान्यातले फार मोठे तपासनीस आहेत. इंजिनिअरने दोन ओळींचा अहवाल लिहिला, त्याला तो फोटो जोडला आणि मोटरसायकलला किक मारली.

मी चार मजले जिन्याने चढलो. लिफ्टने गेलो असतो तर राग तेवढ्यात थोडा कमी झाला असता, म्हणून.

खांबेट्यांचं दार उघडंच होतं. मी आत गेलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तुमच्या या आनंदी धंद्यापायी माझी आई कोंडली गेलीय. तुमचं जग टॉलरन्सच्या आत असेल, तिचं खिडकीच्या आत आहे. वाईटाला वाईट म्हणायची ज्याला हिंमत नाही त्याने चौतीस वर्षं तपासणी कसली केली? असं बरंच. मधे श्वास घ्यायला थांबलो तेव्हा लक्षात आलं, की समोरचा माणूस एकदाही “अहो पाटणकर” म्हणालेला नाही.

“त्या किती दिवस खाली गेलेल्या नाहीत?” खांबेट्यांनी विचारलं.

“पंचाण्णव.”

ते खुर्चीवर बसले. “मी मागच्याच आठवड्यात आलो होतो. मला म्हणाल्या, वर छान हवा येते, आता खाली जावंसंच वाटत नाही.” मग म्हणाले, “मी ते खरं धरलं. मी!”

“आणि लिफ्ट पास केलीत!”

“नाही.” आता मात्र त्यांचा आवाज चढला. “लिफ्ट मी पास केलेली नाही. नीट बघा जाऊन. एक दिव्यावर आहे. एक पंख्यावर. आरशावर एक. आठ बटणांवर आहेत. ते सगळं चालतं. दोरावर आहे? मोटरवर आहे? तिसऱ्या मजल्याच्या दारावर आहे? धक्का मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे पाटणकर. खोटी सही मी जन्मात केलेली नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला. हा असला प्रामाणिकपणा! पंखा ओके, म्हणून पंख्यावर टिकली. वाचणारा सगळ्या लिफ्टला ओके समजेल, हे या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं. कारखान्यात म्हणे प्रत्येक भागाचं स्टिकर त्या भागापुरतंच असतं.

“मग धक्का माहीत होता तर बोलला का नाहीत?”

ते कपाटाकडे बघू लागले. मी इकडेतिकडे बघितलं, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या घरात एकही टिकली नव्हती. भिंतीवर नाही, फ्रिजवर नाही, कुठेच नाही. सगळ्या मारतहळ्ळीला टिकल्या लावणाऱ्या माणसाचं घर कोरं.

खांबेटे उठले आणि कपाटातून एक खोकं घेऊन आले. आत लाकडी कामट्यांचं आणि कागदाचं एक विमान होतं, हातभर लांबीचं, शाळकरी मुलाने केलेलं. त्याला दोऱ्याने बारीक लाल चिठ्ठ्या बांधल्या होत्या. मी एक वाचली. ‘डावा पंख चार मिलिमीटर खाली.’ दुसरी. ‘शेपटीचा सांधा कच्चा.’ एकूण सात होत्या. अक्षर खांबेट्यांचं.

“अभिजित आठवीत होता,” ते म्हणाले. अभिजित म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, व्हाइटफील्डला एका कंपनीत आहे. “शाळेत पहिलं बक्षीस मिळालं होतं याला. मला दाखवायला पळत आला, आणि मी हे केलं. मला वाटलं, मदत करतोय.” त्यांनी एक चिठ्ठी बोटाने सरळ केली. “त्याची आई, आमची सुमन, होती तोवर निभावलं. मी चुका सांगायचो, ती आत जाऊन त्याला सांगायची, बाबांना आवडलंय रे. मला आवडलेलं असायचं, पण ते म्हणायचं काम तिच्याकडे होतं. सात वर्षं झाली ती जाऊन. आता ते सांगायला कोणी नाही.”

मी उभा होतो तो बसलो.

“मागच्या वर्षी त्याने फ्लॅट घेतला. मला मुद्दाम घेऊन गेला दाखवायला. चपला काढल्या, आत गेलो, आणि पहिलं वाक्य म्हटलं, बाथरूमचा उतार उलटा आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “खरंच उलटा होता हो!”

“असेल,” मी म्हणालो.

“त्यानंतर आलेला नाही. ट्रॅफिक असतं म्हणतो. नऊ किलोमीटर आहे. डॉक्टर, रक्तदाब, ते सगळं निमित्त आहे पाटणकर. डोळ्याला वाईट तेवढंच दिसायची सवय लागलीय. चांगलं दिसायला मला सराव लागतो, आणि दिसलं तरी तोंडातून निघत नाही. टँकरला, पंख्याला सांगायला सोपं जातं. म्हणून ठरवलं होतं, आता कुठल्याच गोष्टीत चूक काढायची नाही. एक काढली की सगळ्या सुरू होतील.”

मला त्यांचा राग येत राहावा असं फार वाटत होतं. मी खूप तयारी करून आलो होतो. पण आठवीतल्या त्या विमानासमोर तो काही टिकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझी बेल वाजली. दारात खांबेटे. अंगात कारखान्यातला जुना करडा कोट, गळ्यात भिंग, हातात विजेरी आणि लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा. “मशीन रूमची किल्ली द्या,” म्हणाले. ‘अहो’ नाही, ‘पाटणकर’ नाही. मी मुकाट्याने दिली.

तो माणूस त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिला. लिफ्ट बंद करून त्यांनी चार तास तिला उलटीपालटी केली. दोराचे पीळ मोजले. दाराचे रोलर बोटाने फिरवले. भिंतीला कान लावून उभे राहिले आणि मला “श्वास हळू घ्या” म्हणून दरडावलं. नंजुंडप्पा लिफ्टपाशी हात जोडून उभा होता. खांबेट्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता आणि दर लाल चिठ्ठीगणिक तो आणखी उजळत होता. दुपारी त्यांनी अहवाल माझ्या हातात दिला. एक्केचाळीस दोष, नऊ पानं, प्रत्येक दोषाचं माप. मी पस्तीस वर्षं भांडतोय, पण इतकं सुंदर भांडण मी कधी वाचलेलं नव्हतं.

कंपनीचा तोच इंजिनिअर पुन्हा आला. तिसऱ्या पानावर त्याने कानातली वायर काढली. पाचव्या पानावर तो खाली बसला. सातव्या पानावर त्याने साहेबाला फोन लावला आणि आमच्याकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, “सार, ये आदमी सब देख लिया.” दहा दिवसांत दोर बदलला, ब्रेक बदलला, तिसऱ्या मजल्याचं दार नवं आलं.

आईला खाली न्यायला खांबेटे स्वतः आले. ती दारात अडून बसली होती. “खांबेटे, तुम्ही आत येणार असाल तर येते.” तिघं आत गेलो. आईने एका हाताने मला धरलं होतं, दुसऱ्या हाताने खांबेट्यांचा कोट. चौथा गेला. तिसऱ्याला तिने डोळे मिटले. काहीच झालं नाही. तळमजल्याचं दार उघडलं तेव्हा समोर जयम्मा उभ्या होत्या. “एनक्का, एष्ट दिन आयतु!” म्हणाल्या आणि आईला मिठीच मारली. किती दिवस झाले, एवढंच त्याचा अर्थ. आईला तो बरोबर कळला. बाकाकडे जाता जाता ती वळली आणि तिने खांबेट्यांना काठी दाखवली.

“माझ्या लिफ्टचं झालं. आता तुमच्या पोराला फोन करा. काय दुरुस्त करायचं ते सांगू नका, नुसतं जेवायला बोलवा. वांग्याची भाजी मी पाठवते.”

पुढच्या रविवारी अभिजित आला. भाजीचा डबा द्यायला मी गेलो तेव्हा बाप-लेक समोरासमोर बसले होते आणि खांबेट्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. मुलगा काही सांगत होता. मोटरसायकलवरून येतो, हेल्मेटचा पट्टा तुटलाय, दोरीने बांधलाय. खांबेट्यांचा ओठ हलला. मी दारातच थांबलो. “बरं,” एवढंच म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी खाली निघालो होतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि अभिजित आत आला. बाहेर खांबेटे उभे होते. दार बंद होईपर्यंत उभे राहिले.

“पाटणकर काका, बाबांना बरं नाही का हो?” अभिजितने मला विचारलं. “आज त्यांनी माझ्यात एकही चूक काढली नाही. मी दिवसभर वाट बघत होतो. आणि निघताना पाठीवर हात ठेवला. असं ते कधी करत नाहीत.”

“वय झालं की होतं असं,” मी म्हणालो.

तळमजला आला. तो पुढे निघाला आणि मला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, हिरवी टिकली. टेस्टेड ओके. खाली आजची तारीख. सहीच्या जागी मात्र ‘श्री. खां.’ नव्हतं. ‘बाबा’ असं लिहिलं होतं.

तोंडाने सांगणं काही जमलं नव्हतं त्यांना. माझा अंगठा सवयीने वर आला होता, तो मी खिशात घातला.

पण आमचा नंजुंडप्पा! इतकी वर्षं ज्याला बोलावलं तर ऐकू येत नाही, तो नेमका त्या क्षणी जागा होता. अभिजित मोटरसायकलवर बसतोय तोवर तो शर्टावर काहीतरी आहे असं कानडीत सांगत धावत निघाला. “सार, सार! शर्ट मेले एनो...”

मी अशा आवाजात ओरडलो, की आता संध्याकाळीही बाकावर बसणाऱ्या आई आणि जयम्मा दोघी उठून उभ्या राहिल्या. “नंजुंडप्पा! सुम्निरी!” गप्प राहा म्हणून. तो जागच्या जागी गोठला.

“काय झालं काका?” अभिजितने दचकून वळून विचारलं.

“काही नाही. तू जा. शर्ट चांगला आहे तुझा.”

त्याने दोरी बांधलेलं हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खांबेटे कठडा धरून उभे होते. तो फाटकाबाहेर पडून आउटर रिंग रोडच्या दिशेला वळला, मागे दोन गाड्या, एक रिक्षा आणि ऑफिसची एक बस लागली. त्या सगळ्यांना ती टिकली वाचता येणार होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की आज तो रस्ता चांगला तासभर तुंबलेला असावा.